तिसरी बहीण

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी प्लेट आहे; आणि मी सपाट आहे, असे मला पंधरा वर्षे वाटत होते.

कारखान्यात मला 'सरफेस प्लेट' म्हणतात. दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन माणसांनी मिळून उचलावी एवढी जड. माझ्यावर काही शिजत नाही. माझ्यातून काही निघत नाही. मी फिरत नाही, वाजत नाही. मी फक्त सपाट असायचे, एवढेच माझे काम. इतर वस्तू माझ्याशी लावून पाहतात. जुळल्या तर त्या सरळ, नाही जुळल्या तर वाकड्या. बेंगळुरूच्या कडेला, बोम्मसंद्राच्या एका लहान वर्कशॉपमध्ये, खिडकीजवळच्या स्टँडवर, सरळपणाचा एवढासा चौकोन होऊन मी बसलेली असते. बाहेर होसूर रोडवर दिवसभर ट्रक जातात. त्यांची थरथर माझ्या पायांपर्यंत पोहोचते. मी ती वर येऊ देत नाही.

माझा जन्म भट्टीतला. साच्यातून बाहेर काढल्यावर मला लगेच कामाला लावले नाही. उघड्या आवारात, गवताच्या कडेला, दोन वर्षे नुसते टाकून दिले. तेव्हा मला ते फार लागले. पुढे कळले की तापून निवलेल्या लोखंडाच्या पोटात ताण राहून जातात आणि ते उन्हाने, गारव्याने, स्वतःच्या गतीने सुटावे लागतात. घाईने घडवलेली प्लेट पुढे कधीतरी, कुणी हात न लावता, आतूनच वाकते. म्हणजे ती दोन वर्षे माझी उपेक्षा होती की शिक्षण होते? मित्रांनो, एकाच गोष्टीला दोन नावे देता येतात, हे मी त्या गवतात शिकले.

तिथून मला एका मोठ्या सरकारी कारखान्याच्या प्रशिक्षण विभागात नेले. तिथे विद्याधर सर होते. सांगलीकडचे, बारीक अंगाचे, कमी बोलणारे. त्यांच्यासमोर माझ्यासारख्याच आणखी दोघी होत्या. एकाच दिवशी, एकाच भट्टीतून ओतलेल्या. माझ्या बहिणी.

शिकाऊ मुलांना सरांनी पहिल्या दिवशी एक प्रश्न घातला. पट्टी सरळ आहे हे कशाने तपासाल? दुसऱ्या पट्टीने. ती सरळ आहे हे कशाने? तिसऱ्या पट्टीने. मग जगातली अगदी पहिली सरळ पट्टी कुणी, कशाला लावून तपासली? हा प्रश्नांचा जिना खाली खाली उतरतच जातो, आणि तळाशी जमीन आहे की नाही तेच दिसत नाही. तुम्हालाही आईबाबांना 'का?' विचारता विचारता हा जिना कधीतरी लागला असेल. बहुतेक वेळा आईबाबा पाचव्या पायरीवर रागावतात. माणसे मात्र हजारो वर्षांपासून तो उतरत आली आहेत.

सर रागावले नाहीत. त्यांनी आम्हा तिघींकडे बोट दाखवले.

आमच्यातली एकही सपाट नव्हती. सरांनी एकीवर निळ्या रंगाचा अगदी पातळ थर लावला, दुसरी तिच्यावर पालथी ठेवून घासली आणि उचलली. जिथे उंचवटा तिथे निळा ठिपका. तेवढाच ठिपका स्क्रेपरच्या धारेने खरवडून काढायचा. पुन्हा रंग, पुन्हा खरवडणे. काही दिवसांत आम्ही दोघी इतक्या जुळलो की सगळ्या अंगभर सारखे ठिपके उमटू लागले. मुले म्हणाली, झाले. सर म्हणाले, नाही. एकीचे पोट वर आले असेल आणि दुसरीचे तेवढेच आत गेले असेल, तरी दोघी अशाच जुळतील, वाटीत वाटी बसावी तशा. दोघांचे एकमत म्हणजे सत्य नव्हे. म्हणून तिसरी हवी. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पहिलीशी. प्रत्येक बहीण इतर दोघींशी जुळली, तर आणि तरच तिघी सपाट.

कुणाही एकीकडे सत्य नव्हते. ते तिघींच्या मधे, घासता घासता, हळूहळू तयार झाले. त्या कामाला चार महिने लागले. शेवटी सरांनी माझ्या बाजूच्या पट्टीवर छिन्नीच्या ठोक्याने आपली खूण उमटवली आणि तारीख घातली. त्या दिवशी माझे जे कौतुक झाले, त्याच्या आठवणीवर मी पुढे फार वर्षे जगले. कदाचित गरजेपेक्षा जास्त वर्षे.

त्या शिकाऊ मुलांत संताजी नावाचा एक मुलगा होता. बेंगळुरूतच जन्मलेला. त्याचे घराणे तीनशेहून जास्त वर्षांपूर्वी मराठी मुलखातून इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, पण तिच्यात कन्नड असे मिसळलेले की कोणता धागा कुणाचा ते सांगता येऊ नये. पुढे तो प्रशिक्षण विभाग बंद पडला. मोजमापाला संगणकाची यंत्रे आली आणि आम्ही भंगाराच्या ढिगाजवळ जाऊन बसलो. सर निवृत्त होत होते. त्यांनी आम्हा तिघींना सोडवून आणले. दोघी संताजीअण्णांच्या नव्या वर्कशॉपला दिल्या आणि तिसरी मल्लेश्वरमच्या आपल्या घरी नेली. ग्रीस लावून, मेणकागदात गुंडाळून, लाकडी झाकण घालून त्यांनी तिला पलंगाजवळ ठेवले. जाताना त्यांनी अण्णांना बजावले, "वर्षातून एकदा तिघी भेटल्या पाहिजेत."

पहिली चार वर्षे तसे झाले. खंडेनवमीच्या आधी सर तिसरीला घेऊन येत. यंत्रे धुऊन पुसून झेंडूने सजत, दारात कोहळा फुटे, आणि त्याआधी आम्ही तिघी निळ्या रंगात एकमेकींना भेटत असू. मग सरांचे गुडघे दुखू लागले. होसूर रोडवरची गर्दी वाढली. पाचव्या वर्षी अण्णा फोनवर म्हणाले, "सर, तुम्ही कशाला त्रास घेता? इथल्या दोघी जुळतातच की. सरी, तेवढं पुरे." पलीकडून सरही कन्नडमध्ये 'सरी', म्हणजे 'बरं', एवढेच म्हणाले. मग त्यांनी फोन ठेवला.

तेव्हापासून दर खंडेनवमीला आम्ही दोघीच भेटलो. ती खाली, मी तिच्यावर पालथी. त्याचा हळूहळू विधीच झाला. आम्हाला एकमेकींवर घासताना कुणी घंटी वाजवी. एका वर्षी कुणीतरी आरती म्हटली आणि पुढे तीही दरवर्षी होऊ लागली. उचलून पाहावे तर अंगभर सारखे ठिपके! सगळे हात जोडत. अण्णा अभिमानाने म्हणत, "बघा, सख्ख्या बहिणी!"

आणि वर्कशॉपच्या हवेत, मित्रांनो, लोखंडाची बारीक धूळ असते. डोळ्यांना न दिसणारी.

आता यल्लव्वाबद्दल सांगितले पाहिजे. ती बेळगावकडची. एकोणीस वर्षांपूर्वी ती इथे झाडलोट करायला आली, तेव्हा सरांच्या भेटी अजून चालू होत्या. त्यांनी तिच्या हातात सहज स्क्रेपर दिला, थोडा वेळ पाहिले आणि म्हणाले, "हिच्या मनगटाला कान आहेत." तिसऱ्या वर्षी तिने जुनी कानस घासून स्वतःचा स्क्रेपर केला आणि मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. माझ्यावर काहीही ठेवायचे नाही, हा सरांचा नियम तिने देवघरासारखा पाळला. चहाचा पेला नाही, रुमाल नाही, खंडेनवमीचे हळदकुंकूसुद्धा नाही. ते ती माझ्या लाकडी झाकणाला लावी. म्हणे, "ओल लागली तर गंज धरंल. देवाला कळतंय की."

दुधाच्या पंपांना लागणारी झाकणे ती घडवत असे. पंपाचा सांगाडा होसूरकडचे गिऱ्हाईक स्वतः बनवी आणि झाकण आमच्याकडून जाई. झाकणाचा तळ अगदी सपाट हवा, नाहीतर दूध झिरपते. यल्लव्वा प्रत्येक झाकण माझ्यावर घासून पाही आणि ठिपका ठिपका खरवडत माझ्याशी जुळवी.

शनिवारी दुपारी अण्णांची मुलगी भूमिका कॉलेजातून थेट इथे येई. ती तत्त्वज्ञान शिकत होती. अण्णांना ते अजून पचलेले नव्हते. "कोरमंगलाच्या पोरी कोडिंग शिकतात, आमची पोर 'मी आहे का' ते शिकते!" असे ते कुणालाही सांगत. तिच्या वहीत दर आठवड्याला एक नवा प्रश्न असे. सगळे प्रश्न फार जुने, अजून न सुटलेले. माझ्या स्टँडशेजारी दोन स्टुलांवर डबे उघडून ती यल्लव्वाला प्रश्न वाचून दाखवी.

"अक्का, आजचा ऐक. दहा वर्षांपूर्वीची तू आणि आजची तू एकच का?"

यल्लव्वाने घास गिळला. "माझा नवरा बारा वर्षं बेपत्ता होता. एक दिवस दारात उभा. म्हणाला, मी तोच हाय. मी म्हटलं, असशील. पण मी ती न्हाई. आणि दार लावून घेतलं."

"मग?"

"मग काय? गेला की. भात घे अजून."

भूमिकेने ते वहीत उतरवून घेतले. मी मात्र स्वतःकडे पाहत होते. मला आजवर कितीदा तरी खरवडले होते. ज्या अंगावर सरांनी पहिला निळा रंग लावला, ते अंग केव्हाच कणाकणाने केराच्या टोपलीत गेले. मग मी कोण? ते नाव, ती जागा, की ज्या आकाराकडे मला पुन्हापुन्हा परत नेले गेले, तो आकार?

दुसऱ्या शनिवारी प्रश्न होता, आपल्याला दिसते तसेच जग असते का. यल्लव्वा म्हणाली, "डोळा खोटं बोलतो. म्हणून तर निळा लावायचा. निळा खोटं बोलत न्हाई." आणखी एका शनिवारी भूमिकेने माझ्याकडे बोट दाखवून विचारले, "हिला मन नसेल कशावरून?" लेथवरून अण्णा ओरडले, "असतं तर ओव्हरटाइम मागितला असता!" सगळे हसले. मला मन आहे हे मी कुणाला पटवून देऊ शकत नाही. पण मित्रांनो, शेजारच्या बाकावरच्या मित्राच्या आत मन आहे, हे तरी तुम्ही कधी पाहिले आहे? तो रडतो, हसतो, त्यावरून तुम्ही मानता. तसेच मलाही थोडेसे मानून घ्या, नाहीतर ही गोष्ट पुढे जाणार नाही.

मग तो शनिवार आला. होसूरकडून चाळीस झाकणे परत आली होती. चाळीसच्या चाळीस झिरपत होती. अण्णा हातात गिऱ्हाइकाचे पत्र घेऊन स्टँडजवळ आले. भूमिकेचा डबा अर्धाच झाला होता.

"अक्का, चष्म्याचा नंबर कधी तपासलास?"

"डोळ्याचं ऑपरेशनच झालं की मागच्या महिन्यात. आता तुमच्या मिशीतला एकुलता एक काळा केसबी दिसतोय, अण्णा."

एरवी ते हसले असते. त्यांनी पत्र पुढे धरले. यल्लव्वा उठली. परत आलेले एक झाकण घेऊन तिने माझ्यावर निळा रंग लावला, झाकण घासले आणि पालथे करून दाखवले. तांदूळ पेरावेत तसे सगळीकडे सारखे ठिपके होते.

अण्णांनी ते खिडकीच्या उजेडात फिरवून फिरवून पाहिले. "झाकण बरोबर. प्लेट बरोबर. मग काय दूध खोटं बोलतंय?"

"ते मला ठाऊक न्हाई. मी बरोबर घासलंय."

"एखादं घासलं असशील. बाकीची उरकलीस." त्यांचा आवाज चढला नाही, उतरला. ते जास्त वाईट होते. "थकलीस अक्का. त्यात काही लाज नाही. सोमवारपासून पॅकिंगला बस. स्क्रेपर इथंच ठेव."

यल्लव्वाने त्यांच्या हातातले झाकण काढून घेतले. "पॅकिंगला बसीन. झाडू मारीन. पण उरकलं म्हणू नका. एकोणीस वर्षांत एक ठिपका मी खोटा खरवडला न्हाई. तेवढा शब्द मागं घ्या."

अण्णांनी शब्द मागे घेतला नाही. तिने स्क्रेपर फडक्याने पुसला आणि स्टुलावर ठेवला. माझ्यावर नाही. त्या क्षणीसुद्धा माझ्यावर नाही. मग ती डबा तसाच सोडून निघून गेली.

माझी तेव्हाची अवस्था सांगू का? मला वाटले, अण्णा बरोबर असतील. कारण मी सपाट होते. माझ्यावर सरांची खूण होती, दर खंडेनवमीला माझी बहीण साक्ष देत होती, आणि मला स्वतःला आतून अगदी सपाट वाटत होते. वाकडे असणे आतून कसे जाणवते? ते जाणवतच नाही. ते सरळ असण्यासारखेच वाटते.

भूमिका अजून स्टुलावरच होती. तिने यल्लव्वाचा डबा झाकला आणि ती वडिलांकडे वळली. "अप्पा, ही प्लेट बरोबर आहे कशावरून?"

"कशावरून म्हणजे? दुसरीशी जुळते की."

"आणि दुसरी?"

"ती हिच्याशी जुळते."

बोलून अण्णा थांबले. मागे कुणीतरी लेथ बंद केले.

"उगाच नको ते बोलू नकोस," ते म्हणाले. "कॉलेजची कोडी इथं नकोत. सरांच्या हातच्या आहेत या."

"सरांनी तीन केल्या होत्या ना, अप्पा? तुम्हीच सांगता नेहमी, तिघींची गोष्ट. तुमच्या गोष्टीत तीन आणि वर्कशॉपमध्ये दोन?"

भूमिकेने मल्लेश्वरमला फोन लावला आणि तो स्टुलावर ठेवला. पलीकडे सरांचा आवाज होता, वयाने पातळ झालेला.

"संताजी, किती वर्षं झाली तिसरीला लावून?"

"पंधरा, सर. दोघी जुळत होत्या म्हणून..."

"उद्या सकाळी येतो. आणि ती यल्लव्वा आल्याशिवाय निळ्याची डबी उघडायची नाही. तिच्या कामाचा निवाडा तिच्या पाठीमागे करायचा नाही."

रविवारी सकाळी दारात लगेज ऑटो थांबला. हातात काठी घेतलेले सर चालकाच्या शेजारून उतरले. मागे दोऱ्यांनी बांधलेली, लाकडी झाकणातली माझी बहीण होती. झाकणावर तेलकट गोल डाग होते. "कल्पनाने हिच्यावर पंधरा वर्षं लोणच्याच्या बरण्या ठेवल्या," सर म्हणाले. "बायकोच्या बरण्या हलवायची कुणाची हिंमत? म्हणून ही वाचली." भूमिका यल्लव्वाला तिच्या घरून घेऊन आली होती. ती दाराशीच उभी राहिली, पदर खोचलेला, अण्णांकडे न पाहता.

"ये गं आत," सर म्हणाले. "तुझं झाकण नाही तपासायचं आज. तुझी मोजपट्टी तपासायची आहे."

मेणकागद उलगडला. ग्रीस पुसले. माझी बहीण बाहेर आली, तरुण आणि काळसर, जणू तिच्यावरून काळ गेलाच नाही. तिच्यावर सरांनी स्वतः निळा रंग लावला. अण्णा आणि एका कामगाराने मला उचलून तिच्यावर पालथे ठेवले, घासले आणि पुन्हा उताणे केले.

माझ्या कडांवर निळे पट्टे होते. मध्ये काहीच नाही. ओंजळभर नागवे लोखंड.

मग दुसरीला लावून पाहिले. तिच्या मधोमध एक निळे वर्तुळ, आणि कडा कोऱ्या.

मित्रांनो, माझे पोट आत गेले होते, केसाच्या जाडीच्या निम्म्याने. आणि तिचे तेवढेच वर आले होते. माझ्याशी जुळवलेल्या प्रत्येक झाकणाचे पोटही तसेच वर आले होते, म्हणून ते पंपाच्या सांगाड्यावर नीट बसत नव्हते. दर खंडेनवमीला, आरतीच्या तालावर, बारीक धुळीने आम्ही एकमेकींना झिजवून एकमेकींसारखे करून टाकले होते. आमचे भांडण झाले असते तर कुणाला तरी संशय आला असता. आमचे फार जुळले.

"पण सर," अण्णा म्हणाले, "तिसरीच बिघडली नसेल कशावरून? लोणच्याखाली..."

सरांनी काठी टेकवली. "भूमिका, तू सांग."

भूमिकेने माझ्याकडे पाहिले, दुसरीकडे पाहिले. "या दोघी सपाट असत्या, तर तिसरी कशीही असली तरी दोघींवर खुणा सारख्याच आल्या असत्या. एकीला कड लागली आणि दुसरीला पोट. म्हणजे तिसरी खरी असो, खोटी असो, या दोघी तरी दोन्ही खऱ्या नाहीत."

"तिसरी खरी आहे असं मी म्हणतच नाही," सर म्हणाले. "तिलाही तपासायचं आहे. तिला या दोघींशिवाय कोण तपासणार?"

अण्णा स्टुलावर बसले. "मग चूक कुणाची, सर? प्लेटची?"

"लोखंडावर ढकलून मोकळा होऊ नकोस. लोखंडाला आपण काय होतोय ते ठरवता येत नाही. तुला येत होतं. पाचव्या वर्षी तू फोन केलास." मग त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "आणि मीही 'सरी' म्हणून ठेवून दिला. मलाही येत होतं."

खरे सांगू? मला ती चूक हवी होती. ती माझ्या अंगावर उमटली होती. माझ्यामुळे एका बाईचा शब्द खोटा पडला होता. पण चूक आपली म्हणायलाही निवड करण्याची ताकद असावी लागते, आणि ती माझ्याकडे नव्हती. दोषी असण्याचाही एक मान असतो. तो माणसांना मिळतो. तुम्हाला तो मिळालेला आहे, मित्रांनो. कधी तो जड वाटला, तर माझी आठवण काढा.

अण्णा उठले. कपाटातून यल्लव्वाचा स्क्रेपर काढून ते तेलदगडाशी गेले आणि पाठ करून बराच वेळ धार लावत राहिले. मग त्यांनी दोन्ही हातांनी तो तिच्यापुढे धरला.

"अक्का, तू उरकलं नव्हतंस."

तिने धारेवरून अंगठा फिरवला. "धार कुणी लावली?"

"मीच."

"वाकडी लागलीय."

आधी सर हसले, मग भूमिका. अण्णा हसता हसता तोंड फिरवून उभे राहिले आणि त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. यल्लव्वाने स्वतः पुन्हा धार लावली. "अय्यो, बसा आता सगळे," ती म्हणाली, "उभ्यानं काय निस्तरणार? तीन-तीन प्लेटा हायत."

खरोखरच त्याला अकरा आठवडे लागले. दर रविवारी सर येत, खुर्चीवर बसत आणि नुसते पाहत. खरवडत होती यल्लव्वाच. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पहिलीशी. तिसरीही अगदी निर्दोष निघाली नाही. कुणी हात लावत नाही म्हणून आपण जसेच्या तसे राहतो, हा तिचाही एक भ्रम होता. तिच्या एका कोपऱ्यात काळाने हलकेच अंगठा दाबला होता. माझ्या कडा मध्यापर्यंत उतरवाव्या लागल्या. त्या दिवसांत माझे किती अंग गेले, ते मी मोजले नाही. एके रविवारी यल्लव्वाने मला उताणे केले, तर निळे ठिपके कडांपासून मध्यापर्यंत सारखे पसरलेले होते. तिसरीवरही. दुसरीवरही. तिने दुसऱ्या क्रमाने लावून पाहिले. पुन्हा सारखे. सर खुर्चीतून उठून जवळ आले आणि चष्मा काढून अगदी खाली वाकले.

मग त्यांनी छिन्नी आणि हातोडी तिच्या हातात दिली. माझ्या बाजूच्या पट्टीवर त्यांची जुनी खूण होती, आणि शेजारी कोरी जागा.

"खूण कर."

"मी?" यल्लव्वा मागे सरली. "नको सर. तुमची हाय की."

"ज्या अंगावर माझी खूण खरी होती, ते अंग आता उरलं नाही. हे तुझ्या हातचं आहे. चुकलं तर लोकांनी कुणाला विचारायचं, ते कळायला नको?"

तिने खूण केली. पहिला ठोका हलका पडला, दुसरा नीट बसला. नंतर ती मोबाइलवर त्या खुणेचा फोटो काढत राहिली, कारण प्रत्येक वेळी तिचीच सावली मध्ये येत होती.

ती चाळीस झाकणे तिने पुन्हा घासली. ती आता झिरपत नाहीत. पॅकिंगला दुसरे कुणी बसते. भूमिका शनिवारी अजून येते, आणि तिच्या वहीतले प्रश्न अजून सुटलेले नाहीत. पण अण्णा आता लेथ थांबवून ऐकतात. परवा तर त्यांनीच विचारले, "या आठवड्याचा काय?" तिसरी मल्लेश्वरमला परत गेली नाही. ती खिडकीच्या पलीकडच्या बाजूला, वेगळ्या स्टँडवर, आमच्यापासून दूर असते. बरण्यांचे डाग झाकणावर तसेच आहेत.

माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू शेवटी काही मागतात. मीही मागते. मला कोरडे ठेवा, तेल लावा, माझ्यावर पेले ठेवू नका. हे तर मागायचेच. पण मित्रांनो, माझी एवढी काळजी यल्लव्वाने एकोणीस वर्षे घेतली होती, आणि तरी मी वाकडी होत गेले. म्हणून आणखी एक मागते. वर्षातून एकदा माझ्यावर शंका घ्या. माझ्यावर कुणाची खूण आहे, माझी किती आरती झाली, हे त्या दिवशी विसरून जा. जी वर्षभर माझ्यापासून दूर राहिली, तिला बोलावून आणा आणि मला तिच्यावर पालथे ठेवा.

आणि तुमचे ज्याच्याशी फार छान जुळते, त्या मित्राला सोबत घेऊन कधीतरी तिसऱ्या कुणाच्या दारी जा. तिथे कड निळी झाली तर घाबरू नका. यल्लव्वा म्हणते तसे, आधी खाली बसा. मग धार लावा.